नवीन मॉड आलीये, स्वागत नक्की कसं करायचं?

मधलीसुट्टी (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. आमचा एक चर्चेचा ग्रुप आहे, फार मोठा नाही पण रोज नवीन धागे पडतात, वाद होतात, मधूनच कुणीतरी रागावून आयडी बंद करतं आणि आठवड्याभरात दुसऱ्या नावाने परत येतं, असं सगळं नेहमीचंच. मॉड (मॉडरेटर, म्हणजे चर्चेवर लक्ष ठेवणारे) म्हणून आम्ही दोघंच बघत होतो, निव्वळ हौसेखातर, पैसे वगैरे कुणालाच मिळत नाहीत. त्यातल्या दुसऱ्याला आता पूर्वीसारखा वेळ होत नाही म्हणून आम्ही एका जुन्या मेंबरला विचारलं आणि ती चक्क हो म्हणाली. स्वभावाने शांत आहे, उगाच भांडणात पडत नाही, नवीन लोकांनी तोच तोच प्रश्न विचारला तरी न कंटाळता उत्तर देते, आणि कुठे काही वंगाळ दिसलं की रिपोर्ट करते. तिचे बहुतेक रिपोर्ट बरोबर निघतात, त्यामुळे निवड योग्य आहे याबद्दल आम्हा दोघांना शंका नाही.

अडलंय ते पुढे. घोषणेत काय लिहायचं? नुसतं 'सर्वांनी स्वागत करा' लिहिलं की खाली पन्नास अभिनंदनं आणि एक्कावन्नावा प्रतिसाद 'माझा धागा का उडवला होता ते आधी सांगा', हे आमच्याकडे ठरलेलं आहे. दुसरं म्हणजे सगळे अधिकार एकदम द्यायचे की हळूहळू? आणि तिसरं, जे मला जास्त खुपतंय, दोनचार जुन्या आयडींनी आत्तापासूनच कुजबुज सुरू केलीये की ती अमुक कंपूतली आहे, आता त्यांचंच राज्य येणार. तिच्या कानावर हे गेलंय की नाही माहीत नाही. तिला या कामातल्या नकोशा गोष्टी आधीच सांगाव्यात का? सांगितल्या तर येण्याआधीच पळेल अशी धास्ती वाटते.

ज्यांनी नवीन मॉड आणलेत किंवा जे स्वतः नवीन मॉड होते त्यांनी लिहा प्लीज.

निवांत_वाचक

हो म्हणणारं माणूस मिळालं हेच अर्धं काम झालं, कारण हल्ली विचारायला गेलं की लोक मेसेज नुसता वाचून गप्प बसतात.

घोषणा तुम्ही करा, तिला स्वतःला करायला लावू नका, 'नमस्कार मी तुमची नवी मॉड' हे कुणीही लिहिलं तरी अवघडल्यासारखंच वाटतं. आणि कौतुक आवरा. 'अत्यंत निःपक्षपाती, अभ्यासू, सर्वांना समजून घेणाऱ्या' असलं काही लिहून ठेवलंत तर पहिल्यांदा ती एखादा धागा कुलूपबंद करेल तेव्हा कुणीतरी नेमकं तेच वाक्य कॉपी करून खाली चिकटवेल, 'हीच का ती निःपक्षपाती' म्हणून. कोण आहे, कधीपासून काम बघणार, काय काय करू शकणार, आणि तिचा निर्णय पटला नाही तर कुणाशी बोलायचं, एवढं पुरतं. यातलं शेवटचं बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि मग नाराज माणूस सरळ जाहीर धागा काढतो, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते त्याला ठाऊकच नसतं.

अधिकारांचं म्हणाल तर तुमचं सॉफ्टवेअर काय देतं ते बघावं लागेल. रेडिट या चर्चेच्या साइटवर मॉडला द्यायच्या परवानग्या सुट्ट्या टिक करता येतात, पोस्ट वेगळं, मॉडमेल (मॉडचा कॉमन इनबॉक्स) वेगळं, सेटिंग वेगळं. शिवाय तिथे नंतर आलेला मॉड आपल्या आधीच्याला यादीतून काढू शकत नाही, आधीचा मात्र नंतरच्याला काढू शकतो, त्यामुळे 'उद्या तिने आपल्यालाच हाकललं तर' ही भीती तिथे फारशी नाही. डिस्कोर्स हे चर्चेच्या साइटचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे ट्रस्ट लेव्हल (मेंबरवरच्या विश्वासाच्या पायऱ्या) ० ते ४ असतात, आणि ४ वाल्याला मॉड न करताही धागा बंद करणं, वर पिन करणं, दुसऱ्याचं पोस्ट सुधारणं हे सगळं जमतं. पण मेंबरांचे आयपी ॲड्रेस (इंटरनेट कनेक्शनचा क्रमांक) वगैरे त्याला दिसत नाहीत, ते मॉड झाल्यावर दिसतात. काही जण नवीन माणसाला थोडे दिवस तिथेच ठेवतात. वाईट कल्पना नाही.

फक्त एक सांभाळा. इतके कमी अधिकार देऊ नका की प्रत्येक स्पॅम उडवायला तिला तुम्हाला मेसेज करावा लागेल. दर वेळी परवानगी मागावी लागली की माणूस मागणंच सोडून देतो आणि मग कामही सोडतो. माझं मत असं की उडवणं, हलवणं, कुलूप लावणं पहिल्या दिवसापासून द्या, कायमचा बॅन दोघांनी बोलून, आणि साइटच्या सेटिंगला हात लावणं खूप नंतर. आणि अधिकार द्यायच्या आधी तिच्या अकाउंटला टू-फॅक्टर (लॉगिनला पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी) लावून घ्या, यात सवलत नको. मॉडचं अकाउंट हॅक झालं तर चोराला सगळ्यांना बॅन करता येतं, खासगी तक्रारी वाचता येतात. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर तर सर्व्हरची सेटिंगच आहे की टू-फॅक्टर नसेल तर मॉडची महत्त्वाची बटणं चालणारच नाहीत.

कंपूबद्दल सवडीने लिहितो, ते जरा लांबण लागणारं आहे.

ढवळाढवळ

माझं उलटं मत. घोषणा करूच नका. अधिकार द्या आणि काम करू द्या. स्वागताचे धागे म्हणजे ज्यांना काडी टाकायची असते त्यांच्यासाठी मोकळं मैदान. चार महिने चांगलं काम दिसलं की लोक आपोआप मान्य करतात, नाही दिसलं तर घोषणेने काय होणार आहे.

टिंबटिंब

ढवळाढवळ, चार महिने कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटतं का तुला? पहिल्याच आठवड्यात कुणाचा तरी प्रतिसाद उडेल, खाली नोटीस दिसेल, आणि मग 'ही कधी मॉड झाली, कुणी केली, आम्हाला का नाही सांगितलं' असा जो धागा निघेल तो आवरता आवरता नाकी नऊ येतील. गुपचूप नेमणूक म्हणजे कंपूवाल्या कुजबुजीला आयता पुरावा.

इंग्रजी विकिपीडियावर बघ, तिथे प्रशासक व्हायचं तर आठवडाभर जाहीर चर्चा चालते, कुणीही येऊन प्रश्न विचारतं, जुनं काय काय उकरून काढतात. त्यातून पार पडलं की म्हणायचं काय तर याच्या हाती मॉप दिला, कामाचं चिन्हच तिथे फरशी पुसायचा मॉप आहे. मला ते आवडतं, कारण त्यात हुद्द्याचा रुबाब नाही, पुसापुशी आहे. अर्थात ती प्रक्रिया जीवघेणी आहे आणि छोट्या ग्रुपला झेपणारी नाही, मी तसं करा म्हणत नाहीये. पण जाहीर असावं एवढं तरी खरं.

धागाकर्त्याच्या एक्कावन्नाव्या प्रतिसादावर उपाय आहे. स्वागताच्या धाग्यात पहिला प्रतिसाद तुमचाच टाका आणि पिन करा: जुन्या निर्णयांबद्दलचे प्रश्न इथे नकोत, त्यासाठी हा दुसरा धागा, तिथे मी स्वतः उत्तर देणार. आणि खरंच द्या. नियम आधीच डोळ्यासमोर ठेवले की फरक पडतो, ही नुसती माझी समजूत नाही. रेडिटच्या विज्ञान विभागात नेथन मॅटियास या संशोधकाने प्रयोग करून बघितला होता, २०१९ मध्ये तो पीएनएएस या नियतकालिकात आला. काही चर्चांच्या माथ्यावर नियम चिकटवले, काहींच्या नाही. जिथे चिकटवले तिथे नवख्यांनी नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्केबिंदूंहून जास्त वाढलं, आणि मजा म्हणजे लोक बिचकून गप्प बसले नाहीत, उलट नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. मला वाटलं होतं नियम बघून माणसं पळतील.

कुंपणावरची

मी स्वतः अशीच एका ठिकाणी हो म्हटलं होतं, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते.

स्वागताचा धागा छान झाला. फुलांच्या इमोजी, 'योग्य व्यक्ती योग्य जागी', माझ्या नावाचा रंग बदलला, मीही खूश. मग रिपोर्टची रांग उघडली. वरच्या चारपाच सोप्या होत्या, सरळ स्पॅम, त्या उडवल्या. त्याखाली मात्र सगळे असे रिपोर्ट पडलेले की जे आधीच्या मॉडनी बघून, अवघड म्हणून, तसेच सोडून दिलेले. एकात दोन जुन्या आयडींचं कुणाच्या तरी जुन्या लेखावरून पार तीन पानं चाललेलं भांडण, दोघांनी एकमेकांच्या प्रत्येक प्रतिसादाला रिपोर्ट ठोकलेला. नवीन माणसाला काय कळणार की हे रिपोर्ट मुद्दाम सोडलेत की राहून गेलेत? मी अर्धी रात्र ती तीन पानं वाचत बसले. नंतर कळलं की त्या दोघांचं हे वर्षानुवर्षं चालू आहे आणि मॉडमध्ये ठरलंय की शिवी आली तरच हात घालायचा. कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळं दोन माणसांच्या डोक्यात.

तर माझी विनंती, स्वागताच्या धाग्यापेक्षा आधी रांग साफ करा. ती आत येईल तेव्हा तिला तुमचा साचलेला गाळ दिसू नये. आणि जे न लिहिलेले संकेत आहेत ते एका पानावर लिहा, कसंही लिहा, मुद्देसूद नसलं तरी चालेल. कुठला आयडी कुणाचा डुआयडी (डुप्लिकेट आयडी) असल्याचा संशय आहे, कुणाला शेवटची ताकीद दिलीये, कुणाशी कसं बोललं की तो ऐकतो.

मला ज्याचा खरा उपयोग झाला ते वेगळंच होतं. तिथल्या एका जुन्या मॉडने मला स्क्रीन शेअर करून जुनी, निकाली निघालेली प्रकरणं दाखवली. तो आधी फक्त रिपोर्ट आणि धागा दाखवायचा आणि विचारायचा, तू काय केलं असतंस. मी सांगितलं की मग दाखवायचा की तेव्हा काय केलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं. बऱ्याचदा माझं आणि त्यांचं जुळायचं नाही, आणि एकदोनदा तो म्हणाला की तुझंच बरोबर होतं, आम्ही घाई केली. त्या एका वाक्याने मला जेवढा धीर आला तेवढा सगळ्या इमोज्यांनी मिळून आला नव्हता.

त्यातलं एक प्रकरण सांगते कारण ते नवीन मॉडला हमखास फसवतं. एक नवाकोरा आयडी जुन्या, मेलेल्या धाग्यावर येतो. लिहितो, 'खूप छान माहिती, मलाही हाच प्रश्न होता, धन्यवाद.' रिपोर्ट आला तर आपण म्हणतो, अरे, हा तर सभ्य माणूस आहे, जुना धागा वर काढला एवढंच, जाऊ दे. दुसऱ्या दिवशी तो तोच प्रतिसाद एडिट करतो आणि वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामावर लिंक लावून ठेवतो. पूर्णविरामावर! वाचताना दिसतच नाही, सर्च इंजिनला मात्र दिसते. तेव्हापासून नव्या आयडीने जुन्या धाग्यावर गोडगोड लिहिलं की मी त्याची एडिट हिस्ट्री बघते आणि त्या आयडीने आणखी कुठे काय लिहिलंय तेही बघते. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक वेळेनंतर एडिट बंद करता येतं, नवीन आयडींसाठी ती वेळ कमी ठेवा, अर्धी डोकेदुखी जाईल.

आणि हो, बॅन केला की का केला ते मॉडनोटमध्ये (फक्त मॉडना दिसणारी नोंद) एका ओळीत लिहायची सवय तिला पहिल्याच दिवशी लावा. सहा महिन्यांनी तोच माणूस 'मला विनाकारण काढलं' म्हणून अपील करतो आणि आपण तिघं एकमेकांकडे बघत बसतो.

रात्रपाळी

धागाकर्त्याने विचारलंय की नकोशा गोष्टी आधी सांगाव्यात का. सांगा. सगळ्या सांगा. न सांगता आणलेलं माणूस पहिल्या घाणेरड्या मेसेजला जातं, आणि जाताना कुणाला बोलतही नाही, नुसतं यायचं थांबतं.

काय सांगायचं तर, मॉड झाल्यावर इनबॉक्स बदलतो. बॅन झालेले लोक खासगीत येतात, काही विनवण्या करतात, काही आईवरून शिव्या देतात, काही तुमचं बाहेरचं प्रोफाइल शोधून तिथे येतात. बाई मॉड असेल तर हे जास्त होतं, मी बघितलंय. म्हणून पहिला नियम, मॉडच्या कामाचं उत्तर स्वतःच्या खासगी मेसेजमधून कधीही द्यायचं नाही, कॉमन मॉड इनबॉक्समधूनच द्यायचं, म्हणजे बाकीच्या मॉडना दिसतं आणि समोरच्यालाही कळतं की हे एकट्या व्यक्तीचं मत नाही. तिने मॉड म्हणून वेगळा आयडी घ्यायचा म्हटलं तर घेऊ द्या. खरं नाव, फोटो, कामाचं ठिकाण प्रोफाइलवर असेल तर मॉड व्हायच्या आधी काढून टाकायला सांगा, नंतर काढून उपयोग नसतो, तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतो.

दुसरं, एखादा मेंबर स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्याबद्दल लिहितो तेव्हा काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. नवीन मॉडने एकटीने त्याच्याशी रात्रभर बोलत बसायचं, हे ठरलेलं नको. ती डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. ताबडतोब दुसऱ्या मॉडला किंवा ॲडमिनला उठवायचं, त्या मेंबरला मदतीच्या हेल्पलाइनचा मजकूर पाठवायचा जो तयार ठेवलेला असेल, प्लॅटफॉर्मची अशा वेळेसाठीची रिपोर्टची सोय असेल तर ती वापरायची, आणि धाग्यावर लोक फालतू टोमणे मारत असतील तर ते तिथल्या तिथे लपवायचे. हा मजकूर आज लिहून ठेवा, त्या रात्री सुचत नाही.

तिसरं वेळेचं. ही हौशी माणसं आहेत, नोकर नाहीत. एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीचा जुना किस्सा बऱ्याच जणांना माहीत नसेल. त्यांच्याकडे 'कम्युनिटी लीडर' नावाचे हजारो स्वयंसेवक होते, चॅटरूम आणि चर्चा सांभाळायचे, बदल्यात फुकट किंवा सवलतीत अकाउंट मिळायचं. पण त्यांना शिफ्ट लावून दिलेल्या, कामाचे रिपोर्ट भरायचे. १९९९ मध्ये त्यातल्या काहींनी कोर्टात दावा लावला की हे सगळं नोकरीसारखंच आहे तर मग पगार द्या. तो प्रकार २००५ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. तुमच्या ग्रुपवर कुणी दावा लावणार नाही हो, पण 'रोज रात्री दहा ते बारा तू बघायचं' असं कुणी मला म्हटलं असतं तर मीही त्याच दिवशी नमस्कार केला असता. तिला विचारा, तुला कधी जमतं. जेव्हा जमत नाही तेव्हा रांग पडून राहिली तरी चालेल असंही सांगा. आणि सोडायचं कसं ते आत येतानाच सांगा, एक ओळ टाकायची आणि थांबायचं, कारण द्यायची गरज नाही, परत यावंसं वाटलं तर दार उघडं. ज्याला बाहेर पडायची वाट माहीत असते तो जास्त दिवस टिकतो असं माझं निरीक्षण आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

ढवळाढवळ

बरं घोषणा करा बाबा. माघार. पण ते 'आईवरून शिव्या' वगैरे आधी सांगितल्यावर हो म्हणणारं माणूस मिळालं तर मला पण सांगा, आमच्याकडे दोन जागा रिकाम्या आहेत.

निवांत_वाचक

आता ते कंपूचं.

कुणी जुना मेंबर मॉड झाला की त्याचे चार मित्र असणारच, मित्र नसलेला मेंबर मॉड करायचा म्हणजे मग काल आलेला आणावा लागेल. आरोप खोडत बसू नका, 'ती कुठल्याही कंपूत नाही' असं जाहीर लिहिलंत तर विषय तुम्हीच पेटवलात. त्याऐवजी एक साधा नियम सगळ्या मॉडना लावा आणि तो घोषणेत टाका: ज्या चर्चेत मॉड स्वतः बाजू घेऊन बोललाय तिथे तो मॉडगिरी करणार नाही, दुसरा बघेल. ही काही माझी युक्ती नाही, जुनी पद्धत आहे. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटवर साध्या मेंबरांना आळीपाळीने थोडे मॉड पॉइंट (इतरांच्या प्रतिसादांना गुण द्यायचा हक्क) मिळायचे आणि ज्या चर्चेत तुम्ही गुण दिलेत तिथेच प्रतिसाद टाकलात तर दिलेले गुण आपोआप रद्द, सॉफ्टवेअरच करायचं ते. विकिपीडियावरही प्रशासकाने स्वतः गुंतलेल्या वादात अधिकार वापरू नयेत असा संकेत आहे. तुमचे मॉड तीन होतील ना आता, मग हे सहज जमेल, एकाने दुसऱ्याला 'इथे मी बोललेय, तू बघ' म्हणायचं. दुसरा माणूस ऑनलाइन नसेल आणि प्रकरण हाताबाहेर जात असेल तर फक्त तात्पुरतं कुलूप लावायचं, उडवाउडवी नाही.

याच्याच जोडीला, ती मेंबर म्हणून बोलतेय की मॉड म्हणून ते दिसलं पाहिजे. रेडिटवर मॉडला हवं तेव्हाच आपला प्रतिसाद हिरव्या खुणेचा करता येतो, एरवी तो साधा मेंबर. स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या साइटवर उलट, नावापुढे हिरा कायमचा चिकटतो आणि प्रश्न बंद करायला जिथे इतरांची अनेक मतं लागतात तिथे मॉडचं एकच पुरतं. तिथले मॉड कुठे मत देताना दहादा विचार करतात ते उगाच नाही. तुमच्याकडे रंग बदलायची सोय नसेल तर प्रतिसादाच्या सुरुवातीला ठळक अक्षरात 'मॉड सूचना' लिहायचं ठरवा, बाकी सगळं तिचं स्वतःचं. नाहीतर काय होतं, तिने एखाद्या धाग्यावर हसून काही पिंक टाकली तरी लोक म्हणतात, मॉडने टोमणा मारला. ती गंमत करायचं बंद करते आणि ज्या गुणासाठी तुम्ही तिला आणलं तेच जातं.

मधलीसुट्टी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्रपाळी, तुमचं वाचून काल तिच्याशी बोललो, फोनवर, सगळं सांगितलं. तिला कंपूवाली कुजबुज आधीच माहीत होती आणि त्यातला एक जण तिचा चांगला ओळखीचा निघाला! इनबॉक्सबद्दल मात्र ती जरा गप्प झाली, मग म्हणाली की कॉमन इनबॉक्स असेल तर येते. आमच्याकडे तो नव्हताच, आता करतोय.

एकच विचारायचं राहिलं. समजा तिने काहीतरी घेतला निर्णय आणि तो आम्हाला चुकीचा वाटला. तो तसाच ठेवायचा की बदलायचा? आणि बदलायचा तर कुणी?

टिंबटिंब

तिनेच बदलायचा. तुम्ही तिला मॉडच्या चर्चेत सांगा की आम्हाला असं असं वाटतं, तिला पटलं तर तीच धागा उघडेल आणि खाली दोन ओळी लिहील की चर्चा करून परत उघडला. तुम्ही परस्पर उघडलात की त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक निर्णयावर लोक थेट तुमच्याकडे येणार, आई नाही म्हणाली तर बाबांकडे जातात तसं. अगदी कुणाची खासगी माहिती उघडी राहिलीये किंवा तसलं तातडीचं काही असेल तर थांबू नका, लगेच करा आणि तिला लगेच कळवा.

आणि उलटही, तिचा निर्णय तुम्हाला थोडासा कडक वाटला पण नियमात बसत असेल तर राहू द्या. प्रत्येक गोष्ट तुमच्यासारखीच करायला हवी असेल तर मग तुम्ही दोघंच पुरेसे होतात की.

जाता जाता, प्रतिसाद उडवला की कारण लिहायचं हे तिच्यावर सक्तीचं करा, तुमच्यावरही. रेडिटवरच्या एका अभ्यासात, तोही २०१९ चाच, असं आढळलं की ज्यांना पोस्ट काढल्याचं कारण सांगितलं गेलं त्यांची पुढची पोस्टं काढावी लागण्याची शक्यता कमी होती. त्यासाठी चारपाच तयार मजकूर ठेवा, अवांतर, वैयक्तिक टीका, जाहिरात, आधीच असलेला धागा, असे. फक्त ते मजकूर माणसाच्या भाषेत लिहा, 'आपला प्रतिसाद धोरण क्रमांक अमुकनुसार' वाचलं की निरुपद्रवी माणूसही चिडतो.

मधलीसुट्टी

मसुदा टाकतोय, बघा बरं:

'मंडळी, आजपासून आपल्याकडे तिसऱ्या मॉड आल्या आहेत. तुम्ही त्यांना ओळखताच, नवीन मेंबरांच्या बहुतेक प्रश्नांखाली त्यांचंच पहिलं उत्तर असतं. त्या प्रतिसाद हलवू, लपवू, उडवू शकतात आणि धाग्याला कुलूप लावू शकतात. कायमचा बॅन यापुढे किमान दोन मॉडनी मिळूनच दिला जाईल, हे आम्हा जुन्यांनाही लागू. मॉड ज्या वादात स्वतः उतरला आहे तिथे दुसरा मॉड बघेल. एखादा निर्णय पटला नाही तर मॉड इनबॉक्सला लिहा, तिघंही वाचतात, उत्तराला एकदोन दिवस लागू शकतात कारण सगळ्यांना कामंधामं आहेत. कुठल्याही मॉडला खासगी मेसेज करून भांडू नका, उत्तर मिळणार नाही. जुन्या निर्णयांबद्दल बोलायचं असेल तर वेगळा धागा काढलाय, लिंक खाली आहे.'

कौतुक फक्त एका वाक्याचं ठेवलंय.

कुंपणावरची

छान आहे, मला आवडलं. एकच, 'उत्तर मिळणार नाही' जरा तुटक वाटतं, 'तिथे उत्तर देत नाही, इनबॉक्सलाच लिहा' असं करा. आणि टाकायच्या आधी तिला वाचायला द्या. तिच्याबद्दलचा मजकूर आहे, तो तिला सगळ्यांबरोबर कळायला नको.

रात्रपाळी

रविवारी रात्री टाकू नका. तुम्ही तिघंही जागे आणि मोकळे असाल अशा वेळी टाका, पहिले दोन तास तिथे कुणीतरी असायला हवं.

ढवळाढवळ

ती जुन्या निर्णयांच्या धाग्याची लिंक लॉगआउट करून उघडून बघ एकदा. तो विभाग फक्त मेंबरांना दिसतो बहुतेक, आणि जे बॅन आहेत तेच सगळ्यात आधी क्लिक करणार.